रामटेक दोन दिवसांत: पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी गड, तलाव आणि वाकाटकांची वाट

रामटेकला काय काय बघायचं आणि दुपारपर्यंत परत येऊ ना, असं कोणी विचारलं की त्या दुसऱ्या भागाचं मला फार वाईट वाटतं. नागपूरहून ५० किलोमीटरवर आहे म्हणून लोक सकाळी गाडी काढतात, वर गडावर रामाचं दर्शन घेतात, माकडांचे फोटो काढतात, खिंडसीला जाऊन बोटीत बसतात आणि जेवायला घरी. मीही लहानपणापासून असंच करत आलो होतो. मग पुण्याहून आत्या आली, तिला टोंगळ्यांचा त्रास, भरभर चालणं जमेना, म्हणून आम्ही मुक्काम केला आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण इतकी वर्षं जागा नीट बघितलीच नव्हती. तर हे सगळं पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे, एक मुक्काम आणि दोन पूर्ण दिवस, एवढंच माझं मागणं आहे.

आधी जागा समजून घ्या

पूर्व विदर्भ म्हणजे तलावांचा मुलूख. भंडाऱ्याला तर तलावांचा जिल्हाच म्हणतात, आणि गोंदिया, चंद्रपूर, नागपूरचा हा पूर्वेकडचा भाग सगळा मालगुजारी तलावांनी (म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळचे तलाव) भरलेला आहे, ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. पाऊस चार महिने पडणार आणि धान पिकवायचं, मग पाणी अडवण्याशिवाय इलाज नाही. रामटेक याच पट्ट्यात येतं. डोंगर घोड्याच्या नालेसारखा वळलेला, त्याच्या कुशीत अंबाळा तलाव, थोडं पुढे सूर नदी अडवून ब्रिटिश काळात केलेला खिंडसी, आणि तिकडे हायवेजवळ मनसरचा तलाव. म्हणजे जुनं जे काही बघायचंय ते पाण्याच्या काठाला किंवा पाणी दिसेल अशा उंचीवर आहे, हे लक्षात ठेवलं की प्लॅन आपोआप होतो.

आणि कालिदास. मेघदूतातला यक्ष शिक्षा भोगायला ज्या रामगिरीवर राहतो ती हीच टेकडी, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. काही जण छत्तीसगडमधला रामगढ सांगतात, तो वाद आहेच. पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की त्या काव्याच्या पहिल्याच श्लोकात रामगिरीची ओळख मंदिराने नाही होत, सीतेच्या स्नानाने पवित्र झालेल्या पाण्याने आणि दाट सावलीच्या झाडांनी होते. जाण्याआधी मराठी अनुवादातून तेवढा एक श्लोक वाचून जा, गडावरून खाली अंबाळ्याकडे बघताना फरक पडतो.

स्टेप १: केव्हा जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, डोळे झाकून. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी ऊन सोसवतं. एप्रिल-मे मध्ये जाऊच नका, ४५ डिग्रीपर्यंत पारा जातो आणि गडाच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, हे अजिबात वाढवून सांगत नाहीये. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, आषाढाच्या पहिल्या दिवशी कालिदास दिन असतो, ढग खरंच टेकडीला टेकलेले असतात, फक्त पायऱ्या निसरड्या होतात तर चप्पल घालून जाऊ नका, मागे पट्टा असलेली सॅंडल हवी.

कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा आणि रामनवमी या दोन वेळेला प्रचंड गर्दी असते. त्रिपुरीला रात्री गडावर त्रिपूर जळतो, तो सोहळा एकदा आयुष्यात बघावा असाच आहे, पण पहिल्याच ट्रिपला नको. गर्दीत वाकाटकांच्या, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी इथे राज्य करणाऱ्या घराण्याच्या, मंदिरांकडे कोणाला वळता येत नाही.

स्टेप २: पोचायचं कसं

मुंबई-पुण्यावरून येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीची ट्रेन पकडायची (मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतो, सुट्ट्यांमध्ये दोन महिने आधी बुक करा), शनिवारी सकाळी नागपूर, रविवारी रात्री परत. समृद्धीवरून स्वतःची गाडी आणणारेही पुष्कळ असतात. एका दमात एवढं ड्राइव्ह करून लगेच गड चढायला जाऊ नका, झोप पूर्ण करा.

नागपूरहून रामटेकला तीन पर्याय आहेत. एसटी, गणेशपेठच्या बसस्टँडवरून. ट्रेन, नागपूरच्या इतवारी स्टेशनहून रामटेकपर्यंत आखूड शाखा-लाइन आहे, गाड्या मोजक्याच तर वेळ आदल्या दिवशी ॲपवर बघून घ्या. आणि टॅक्सी. दोन दिवसांचा प्लॅन असेल आणि चार माणसं असाल तर मी टॅक्सीच सांगेन, कारण मनसर, नगरधन आणि खिंडसी हे तीन कोपरे तीन दिशांना आहेत आणि रिक्षा मिळते पण परतीला मिळेलच असं नाही. टॅक्सी ठरवताना "रामटेक दर्शन" असं म्हणू नका, त्यात फक्त गड आणि खिंडसी येतं. जागांची नावं एक एक सांगून, व्हॉट्सॲपवर लिहून घेऊन मग पैसे ठरवा. आमच्या वेळेला ड्रायव्हरने नगरधनच्या फाट्यावर गाडी थांबवून "हे आपल्या बोलण्यात नव्हतं" म्हटलं आणि आत्याला घेऊन अर्धा तास उन्हात वाद घालायची पाळी आली.

स्टेप ३: राहायचं कुठे

गावात साधे लॉज आहेत, धर्मशाळा आहेत, खिंडसीच्या काठाला रिसॉर्ट आहेत. घरात लहान मुलं असतील तर खिंडसी, पहाटे गड चढायचा असेल तर गावात. मी गावात म्हणेन. रूम बुक करताना फोनवर दोनच प्रश्न विचारा, गरम पाणी सकाळी किती वाजता मिळतं आणि गाडी लावायला जागा आहे का.

स्टेप ४: पहिला दिवस, आणि सुरुवात गडापासून नाही

हे महत्त्वाचं आहे. सगळे आधी गडावर जातात, तुम्ही आधी मनसरला उतरा. नागपूरहून जबलपूर रोडने कामठी, कन्हान करत आलात की मनसर आधीच लागतं, रामटेकचा रस्ता तिथूनच उजवीकडे वळतो, म्हणजे वाकडी वाट पण करावी लागत नाही.

मनसरला तलावाच्या बाजूला एक टेकाड आहे, लोक हिडिंबा टेकडी म्हणतात. १९९७-९८ पासून जगतपती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी इथे उत्खनन केलं आणि मातीखालून विटांचं अख्खं बांधकाम बाहेर आलं, कोपऱ्याकोपऱ्यांनी वळत वर चढत जाणारे चौथरे. हे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरेश्वर शिवमंदिर, आणि इथेच त्याची राजधानी प्रवरपूर होती असं मानतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं की विटांचा ढीगच तर आहे. थांबा जरा. खाली वाकून एक वीट बघा, आपल्या आजच्या विटेपेक्षा किती लांब-रुंद आणि चपटी आहे ते हाताच्या वितीने मोजा (हात लावू नका, वरूनच), आणि मग वर जाऊन तलाव बघा. दीड हजार वर्षांपूर्वी राजाने देऊळ बांधायला हीच जागा का निवडली ते कोणी सांगावं लागत नाही.

१९७२ मध्ये याच मनसरला शिवाची एक सुंदर मूर्ती मिळाली, लाल दगडाची, गुबगुबीत पोटाची, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दिल्लीला गेलात तर भेटून या.

मनसरला तासभर पुरतो. मग रामटेकला जाऊन रूमवर सामान टाका, जेवा, ऊन टाळा. आणि साडेतीन-चारला नगरधन.

नगरधन रामटेकच्या दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटर. हे म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. आज दिसणारा किल्ला नंतरच्या काळातला आहे, भोसल्यांशी त्याचं नाव जोडलं जातं, तटबंदी आणि दरवाजा चांगल्या अवस्थेत आहेत, आत जमिनीखाली पायऱ्या उतरून देवीचं ठाणं आहे तिथे गार वाटतं एकदम. पण खरी गोष्ट आजूबाजूच्या जमिनीत होती. डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने अलीकडे इथे खोदलं तेव्हा मातीची एक छोटी मुद्रा मिळाली, त्यावर ब्राह्मी अक्षरांत राणी प्रभावतीगुप्ताचं नाव आणि शंखाचं चित्र.

ही प्रभावतीगुप्ता लक्षात ठेवा, उद्या गडावर परत भेटणार आहे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची बायको, नवरा लवकर गेला, मुलं लहान, तर तिने स्वतः राज्य चालवलं. तिचा पुण्याचा ताम्रपट (तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं दानपत्र) नंदिवर्धनहून दिलेला आहे आणि रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामींच्या, म्हणजे तिथल्या देवाच्या, पायाशी बसून दिलेला आहे. म्हणजे हाच डोंगर. पाचव्या शतकात एक बाई या दोन जागांच्या मध्ये ये-जा करत राज्य सांभाळत होती आणि आपण तोच रस्ता टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटात कापतो, मला हे दरवेळी तिथून परत येताना आठवतं आणि अंगावर काटा येतो.

संध्याकाळ अंबाळ्याला. सूर्य डोंगराआड जायच्या आधी पोचा. तलावाच्या चारी बाजूंनी घाट आणि जुनी देवळं आहेत, काही पडझड झालेली, पाण्यात त्यांची सावली पडते. इथे लोक अस्थी विसर्जन आणि पिंडदानालाही येतात, तर कोणाचे विधी चालू असतील तिकडे कॅमेरा फिरवू नका, आणि मोठ्याने गाणी वगैरे नकोच. घाटाच्या पायरीवर अर्धा तास नुसतं बसा. ढिवर लोक शिंगाड्याच्या वेलांमधून छोटा डोंगा ढकलत नेताना दिसले तर नशीब तुमचं.

स्टेप ५: दुसरा दिवस, पहाटे गड

गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. ज्यांना पायाचा त्रास आहे त्यांनी गाडीनेच जा, वरही थोड्या पायऱ्या आहेत तेवढ्या पुष्कळ झाल्या. बाकीच्यांनी मात्र अंबाळ्याकडून जुन्या पायऱ्यांनी चढायचं. साडेपाच-सहाला निघा, टॉर्च असू द्या, पाणी बॅगेत आत ठेवा. हातात काहीच धरायचं नाही, कारण वानरं. काळतोंडी, लांब शेपटीची, दिसायला शांत, पण प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज आला की झडप घालतातच. प्रसादाचा नारळ पण पिशवीतच. आणि त्यांना मुर्रा-फुटाणे टाकू नका हो, आपण टाकतो म्हणून तर ती माणसाच्या अंगावर येतात.

वर एकामागे एक दरवाजे लागतात, वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ दरवाजा. वराह दरवाज्यापाशी एका दगडातला केवढा तरी मोठा वराह आहे, लोक त्याच्या पोटाखालून पलीकडे निघतात, पापी माणूस अडकतो म्हणे. मुलं दहा वेळा जातात. त्या गडबडीत वराहाकडे बघायचं राहून जातं, जरा बाजूला उभं राहून त्याचा सगळा आकार बघा. हाही वाकाटकांच्या काळचा.

आता रामाकडे जाण्याआधी नरसिंह शोधा. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन छोटी देवळं आहेत, लाल दगडाची, ठेंगणी, शिखर नसलेली, पुरातत्त्व खात्याची निळी पाटी असते. लोक समोरून निघून जातात. हीच रामटेकवरची सगळ्यात मोलाची जागा आहे असं माझं ठाम मत आहे. आत बसलेला नरसिंह आपल्याला कॅलेंडरवर माहिती असलेला, हिरण्यकशिपूचं पोट फाडणारा नाही. एक गुडघा वर घेऊन निवांत बसलाय, त्या गुडघ्यावर हात टेकवलाय, दुसऱ्या हातात चक्र. राजा दरबार संपल्यावर बसावा तसा. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं द्या, मोबाइलचा टॉर्च लगेच मारू नका, दारातून येणाऱ्या उजेडातच ती मूर्ती हळूहळू दिसायला लागते.

केवल नरसिंहाच्या मंडपात भिंतीवर शिलालेख आहे. बराच झिजलाय. वर्षानुवर्षं चुन्याच्या थराखाली होता, तो काढल्यावर १९८० च्या दशकात समोर आला. अक्षरं पेटिकाशीर्ष ब्राह्मी, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक बारीक चौकोनी पेटी असते. उजेड तिरपा असताना, म्हणजे सकाळीच, त्या पेट्या दिसतात. आणि या लेखात प्रभावतीचा उल्लेख आहे, तिच्या मुलीने आईच्या स्मरणार्थ हे देऊळ उभं केलं असं अभ्यासक सांगतात. काल नगरधनला जिच्या मुद्रेबद्दल ऐकलं तीच. म्हणून म्हटलं नगरधन आधी करा.

मग राम आणि लक्ष्मणाची मंदिरं. रामाने इथे टेक, म्हणजे प्रतिज्ञा केली म्हणून रामटेक, असं सगळे सांगतात. लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्राच्या काळचा, तेराव्या शतकाच्या शेवटचा शिलालेख आहे, आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी गडाचा जीर्णोद्धार केला. म्हणजे वाकाटक, यादव, भोसले, एकाच आवारात तिघेही. दर्शन सकाळीच आटपा, दुपारी गाभारा काही वेळ बंद असू शकतो. दर्शन झालं की मागच्या तटावर जाऊन उभे राहा, खाली अंबाळा, लांब खिंडसीचं पाणी चमकताना दिसतं.

उतरताना कालिदास स्मारक आणि त्याच्या बाजूला विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची भंगलेली मूर्ती. आणि भोगरामाचं देऊळ चुकवू नका, दोन गाभारे शेजारी शेजारी असलेलं हे जुनं देऊळ महानुभाव पंथाच्या लोकांना फार पवित्र, चक्रधरस्वामींचा इथे रहिवास होता. काळे कपडे घातलेले साधू भेटले तर नमस्कार करून विचारा, खूप प्रेमाने सांगतात.

स्टेप ६: जेवण, मग उरलेलं

दहा वाजेपर्यंत खाली या. गावात तर्री पोहे मिळतात, तिखट सोसत नसेल तर तर्री वेगळी मागून घ्या. थंडीत टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बायका बसतात, ते घ्याच, वरचं काळं साल दाताने नाही, नखाने फोडायचं, बाजूचे काटे टोचतात. घरून डबा आणणारे वांग्याची भाजी आणि रोडगे करून आणतात, नागपूरकरांची जुनी सवय. सावजी खायचं असेल तर रात्री नागपूरला.

जैन मंदिर गावाजवळच आहे, शांतिनाथांची उभी मोठी मूर्ती. तिथून जवळ कपूर बावडी, पाण्याला लागून दगडी खांबांची ओळ, पावसाळ्यानंतर पाणी भरलेलं असताना फार देखणी दिसते, पण कठडा नाही आणि शेवाळ आहे, मुलांचा हात सोडू नका. रीलसाठी तिथल्या खांबांवर चढणारी पोरं बघितली की जीव खालीवर होतो.

दुपारनंतर खिंडसी. बोटिंग करायचं तर लाइफ जॅकेट मागून घाला, दिलं नाही तर बसू नका. मी तर म्हणतो बोट नाही केली तरी चालेल, काठावरून गडाचा डोंगर पाण्यापलीकडे कसा दिसतो ते बघा. सकाळी जिथे उभे होतात तिथला पांढरा ठिपका सापडतो.

वेळ उरला तर नागपूरला गाडी पकडायच्या आधी अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय. सोमवारी बंद असू शकतं, वेळ बघून जा.

आणखी थोडं सुट्टं सुट्टं

कॅश जवळ ठेवा, यूपीआय सगळीकडे आहे पण गडावर रेंज जाते. पुरातत्त्व खात्याच्या जागांवर ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. मूर्तींना तेल, शेंदूर, दूध काही लावू नका, त्या दगडाला ते सोसत नाही. पेंचची सफारी याच ट्रिपमध्ये कोंबू नका, सिल्लारी गेट जवळ आहे म्हणून मोह होतो पण मग ना जंगल धड होतं ना गड.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर एका दिवशी दोनच जागा. आत्यासाठी आम्ही मनसर वगळलं, अंबाळ्याला मात्र दोन्ही दिवस गेलो, दुसऱ्या दिवशी ती पायरीवर बसून पाण्यात पाय सोडून बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली चहा कुठे मिळतो रे इथे.

निघताना विड्याची पानं घ्या. बरई लोकांच्या पानमळ्यांसाठी रामटेक जुनं नावाजलेलं आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली की पुण्या-मुंबईपर्यंत ताजी पोचतात, प्लास्टिकमध्ये मात्र काळी पडतात.